हवाई दलातल्या जुन्या सोबत्यांचा मेळावा आणि स्मरणसोहळा: पहिल्यांदाच करणाऱ्यासाठी

२६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप दिला गेला. जुन्या स्क्वाड्रनच्या, जुन्या एंट्रीच्या (एकत्र भरती झालेल्या तुकडीच्या) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर तेव्हापासून एक वाक्य वारंवार दिसतं: आता एकदा सगळ्यांनी भेटलंच पाहिजे. महाराष्ट्रात ते जास्त दिसणं साहजिक आहे. ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) कारखान्यात ही विमानं बनली, शेजारी ११ बेस रिपेअर डेपो आहे, पुण्यात लोहगावचा तळ, नागपुरात मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय. निवृत्त झाल्यावर यातले पुष्कळ जण इथेच घर बांधून राहिले.

ग्रुपवर अंगठे भराभर पडतात आणि काम एकाच्या गळ्यात पडतं. बहुधा तो सगळ्यांत तरुण, म्हणजे साठीतला असतो. नाहीतर एखाद्या वॉरंट ऑफिसरची मुलगी, जिला एक्सेल येतं. हा लेख त्या माणसासाठी आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: हॉल, जेवण, मोमेंटो हे सगळं शेवटच्या महिन्यात उरकतं. यादी उरकत नाही. मेळावा चांगला होतो की नुसता होतो, ते यादीवर ठरतं.

पहिलं काम: मेळावा नेमका कुणाचा?

एंट्रीचा मेळावा म्हणजे सांबऱ्याला, जालहळ्ळीला किंवा तांबरमला एकत्र ट्रेनिंग घेतलेल्यांचा. यात सगळे एका वयाचे, एकमेकांना अरेतुरे करणारे, पण पंजाबपासून केरळपर्यंत पांगलेले. स्क्वाड्रनचा किंवा युनिटचा मेळावा म्हणजे तीन पिढ्या, अधिकारी आणि एअरमन (अधिकारी नसलेले हवाई सैनिक) एकत्र. तिसरा प्रकार ‘जिल्ह्यातले सगळे माजी हवाई सैनिक’. तो ऐकायला सोपा आणि करायला कोरडा, कारण आलेले लोक एकमेकांना ओळखतच नाहीत. पहिल्यांदा करत असाल तर एंट्री किंवा युनिट घ्या.

युनिटचा मेळावा असेल तर एक नाजूक बाब आधी मिटवून घ्या. नोकरीभर अधिकाऱ्यांची मेस वेगळी, सार्जंट-वॉरंट ऑफिसरांची एसएनसीओ मेस वेगळी, एअरमेन मेस वेगळी. मेळाव्यात ‘सर’ म्हणणं सुटत नाही, सुटूही नये. पण बसायच्या जागा आणि जेवणाची रांग एकच ठेवा. समितीत दोन्हीकडची माणसं हवीत, आणि कुणाची तरी पत्नी हवीच. घरच्यांचे फोन नंबर, कुणाचे गुडघे बदललेत, कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळं तिलाच ठाऊक असतं. समिती पाच जणांच्या वर नेऊ नका.

यादी

एक शीट करा. रकाने असे: सर्व्हिस नंबर, निवृत्तीवेळची रँक, पूर्ण नाव, ट्रेड (दलातलं काम), युनिटमध्ये कधी ते कधी, फोन, गाव, पत्नीचं नाव, हयात की नाही, आणि ही माहिती कुणाकडून मिळाली. शेवटचा रकाना फालतू वाटतो. एकाच माणसाबद्दल दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या की त्याची किंमत कळते.

सर्व्हिस नंबर का, तर पाटील. एका एंट्रीत चार पाटील, तीन नायर, पाच सिंग असतात. कुणाला ‘इंजिनवाला पाटील’ आठवतो, कुणाला ‘रडारवाला’. पगाराच्या पॅरेडला नावामागे नंबराचे शेवटचे तीन आकडे ओरडायची सवय असल्याने पन्नास वर्षांनीही माणसाला शेजारच्या खाटेवाल्याचे ‘लास्ट थ्री’ आठवतात आणि चेहरा आठवत नाही. त्याचा फायदा घ्या.

शोधायचं कुठे? जुने ग्रुप फोटो आधी. फोटो मोबाइलवर काढून प्रत्येक चेहऱ्यावर आकडा टाका आणि ग्रुपवर सोडा; दोन दिवसांत अर्धे चेहरे ओळखले जातात आणि त्यावर भांडणंही होतात, ती होऊ द्या. मग एअर फोर्स असोसिएशन. ही १९८० पासूनची संघटना आहे आणि तिची महाराष्ट्र शाखा पुण्यात आहे. तिसरं ठिकाण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, चौथं ईसीएचएस पॉलिक्लिनिक (माजी सैनिकांचा दवाखाना), जिथे महिन्याच्या औषधांसाठी प्रत्येक जण कधी ना कधी येतोच. तिथे परवानगी घेऊन फलकावर कागद लावा. दिल्लीत सुब्रतो पार्कला डायरेक्टोरेट ऑफ एअर व्हेटरन्स, म्हणजे दलाचं माजी हवाई सैनिकांसाठीचं कार्यालय आहे. कुणाचा पत्ता परस्पर द्या, असं तिथे मागू नका. तुमचा निरोप पोचवण्याची लेखी विनंती करून पाहा.

एक जागा लोक विसरतात. एअरमन पंधरा-वीस वर्षांच्या सेवेनंतर चाळिशीच्या आसपास बाहेर पडत, आणि मग बँकेत, रेल्वेत, वीज मंडळात, एचएएलमध्ये दुसरी नोकरी करत. त्यामुळे बँकांच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या ग्रुपांवर तुमची हरवलेली माणसं सापडतात. तिथे त्यांची ओळख ‘कॅशियर जोशी’ अशी असते, सार्जंट जोशी अशी नाही.

आता फोन. सकाळी अकरानंतर किंवा संध्याकाळी पाचनंतर करा. दुपारी एक ते चार हे वय झोपलेलं असतं. कधी ना कधी पलीकडून उत्तर येईल: ‘ते गेले हो, दोन वर्षं झाली.’ अशा वेळी ‘अरेरे, बरं, नाव कमी करतो’ असं म्हणून फोन ठेवणारे मी ऐकले आहेत. नाव कमी करायचं नसतं, दुसऱ्या रकान्यात न्यायचं असतं. थांबा. ते शेवटी कोणत्या गावात होते, युनिटचं कुणी भेटायला यायचं का, विचारा. मग सांगा की त्यांचं नाव वाचलं जाणार आहे, आणि तुम्ही यावं अशी आमची इच्छा आहे. लगेच हो-नाही मागू नका. आठवड्याने पुन्हा फोन करा. काही बायका पहिल्या फोनवर ‘मी येऊन काय करू’ म्हणतात आणि दुसऱ्या फोनवर कुठली गाडी बरी पडेल ते विचारतात.

आमंत्रणाची भाषाही इथेच ठरवा. एंट्रीत मल्याळी, तमिळ, बंगाली, हरियाणवी सगळे असतात. त्यांच्यासाठी हिंदी-इंग्रजी, आणि इथल्या कुटुंबांसाठी मराठी, अशी दोन पत्रं काढा.

कुणाची नावं वाचायची

सगळ्यांत जास्त वाद इथे होतात, म्हणून हा निर्णय समितीने तारखेच्याही आधी घ्यावा आणि लिहून ठेवावा.

तीन याद्या असतात. युद्धात किंवा कारवाईत गेलेले. सेवेत असताना विमान अपघातात, तळावरच्या दुर्घटनेत, आजाराने गेलेले. आणि निवृत्तीनंतर घरी वारलेले. काहींचा आग्रह असतो की फक्त पहिल्या यादीतली नावं वाचावीत, ‘नाहीतर सोहळ्याचं वजन जातं’. मला ते पटत नाही. हवाई दलात शांततेच्या काळातही माणसं गेली. ७ फेब्रुवारी १९६८ ला चंडीगडहून लेहला निघालेलं एएन-१२ हे वाहतूक विमान रोहतांगजवळ बेपत्ता झालं, आत १०२ जण होते. २००३ पासून बर्फातून एकेक देह मिळत गेले, २०२४ मध्येही मिळाले. २२ जुलै २०१६ ला तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेल्या एएन-३२ मध्ये २९ जण होते, आणि त्याचे अवशेष समुद्रतळाशी सापडल्याचं २०२४ मध्ये कळलं. यातल्या एखाद्याचं नाव तुमच्या युनिटच्या यादीत असेल, तर ते ‘युद्धातलं नाही’ म्हणून कसं वगळणार? तिन्ही याद्या वाचा, पण वेगवेगळ्या, प्रत्येकीआधी एका वाक्यात काय वाचतोय ते सांगून.

बेपत्ता असलेल्यांचं काय, हा त्याहून अवघड प्रश्न. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे ५ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानात हल्ल्याच्या मोहिमेवर गेले आणि परतले नाहीत. त्यांच्या पत्नी, राष्ट्रीय बॅडमिंटनपटू दमयंती तांबे, यांनी त्यांच्या शोधासाठी दशकानुदशकं सरकारदरबारी पाठपुरावा केला. अशा घराला तुम्ही ‘दिवंगत’ शब्द परस्पर छापून पाठवू शकत नाही. तुमच्या यादीत असं नाव असेल तर कुटुंबाला विचारा: वाचायचं का, कोणत्या यादीत, कोणत्या शब्दांत. ते नको म्हणाले तर नको.

नावांचा क्रम रँकनुसार लावू नका, तारखेनुसार लावा. २८ मे १९९९ ला कारगिलच्या लढाईत एक एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं. त्यात स्क्वाड्रन लीडर आर. पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पी.व्ही.एन.आर. प्रसाद आणि सार्जंट आर. के. साहू असे चौघे होते. एक विमान, एक दिवस. रँकनुसार यादी लावली तर असे चौघे दोन पानांवर जातात. तारखेनुसार लावली तर शेजारी शेजारी राहतात.

शब्दांबद्दल थोडं. ‘शहीद’ हा शब्द आपल्या तोंडी असला तरी सैन्यदलं अधिकृत लिखाणात तो वापरत नाहीत. ‘वीरमरण’ किंवा ‘कर्तव्य बजावताना मृत्यू’ असं लिहा. रँक नावाआधी, आणि निवृत्त हा शब्द नावानंतर: ‘विंग कमांडर अमुक तमुक (निवृत्त)’. रँक आणि नावाच्या मधे ‘(निवृत्त)’ घातलं की जुने अधिकारी लगेच टोकतात, आणि ते बरोबर असतात; माणूस निवृत्त होतो, रँक नाही. शौर्यपदक असेल तर ते नावाला जोडून. पहिल्या यादीतली नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या नावांशी ताडून पाहा. हे स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं, तिथल्या त्याग चक्रात ग्रॅनाइटवर नावं कोरली आहेत आणि स्मारकाच्या संकेतस्थळावर ती शोधता येतात.

तारीख

८ ऑक्टोबर, हवाई दल दिन, सगळ्यांना पहिल्यांदा सुचतो. १९३२ ला त्या दिवशी दलाची स्थापना झाली, म्हणून तो सुचणारच. पण त्या आठवड्यात सेवेतल्या लोकांना श्वास घ्यायला वेळ नसतो, तुम्हाला तळावरची मदत मिळणार नाही. नोव्हेंबरात दिवाळीची पाहुणेमंडळी आणि पेन्शनचे हयातीचे दाखले. १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन, १९५३ मध्ये फील्ड मार्शल करिअप्पा निवृत्त झाले तो दिवस. पण सरकारी कार्यक्रम तेव्हाच असतात आणि आपली संक्रांतही. माझी पसंती डिसेंबरच्या मध्याला. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांनी नॅट विमानातून एकट्याने पाकिस्तानी सेबर विमानांशी झुंज दिली. हवाई दलाला मिळालेलं ते एकमेव परमवीर चक्र. १६ ला विजय दिवस. त्याच्या आसपासचा शनिवार धरा. हवा थंड, उन्हात बसवत असतं, आणि लग्नाच्या तिथी टाळल्या तर हॉल मिळतो.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी सुरू होतं, त्यामुळे तारीख निदान चार महिने आधी पक्की कळवा. एक बारीक सूचना पत्रात जरूर घाला: ज्येष्ठांचा लोअर बर्थ कोटा एका तिकिटावर एक किंवा दोन प्रवासी असतील तरच मिळतो. ‘आपण सहा जण एकत्रच काढू’ म्हणून एक तिकीट काढलं, की पंच्याहत्तरीचा माणूस वरच्या बर्थकडे बघत बसतो.

जागा आणि परवानग्या

स्मरण आणि मेळावा एका दिवशी पण दोन जागी ठेवा. सकाळचा विधी स्मारकावर, दुपारचा गोंगाट हॉलमध्ये. एकाच हॉलमध्ये दोन्ही केलं, की कुणी डोळे पुसत असताना मागे प्लेटा वाजतात.

पुण्यात घोरपडीजवळचं दक्षिण कमांडचं युद्ध स्मारक सर्वांत योग्य. नागरिकांच्या देणग्यांमधून ते उभं राहिलं, १५ ऑगस्ट १९९८ ला त्याचं अनावरण झालं, आणि आवारात एक मिग-२३ बीएन विमान उभं आहे. जुने तंत्रज्ञ त्याच्याभोवती जमतात आणि कुठल्या पॅनेलमागे काय होतं यावर वाद घालतात; या वादासाठी अर्धा तास वेगळा काढा, नाहीतर बस सुटणार नाही. तिथे पुष्पचक्र वाहायचं तर लष्कराकडे आधी लेखी अर्ज करा: तारीख, वेळ, माणसांची संख्या, गाड्यांचे नंबर, एका जबाबदार माणसाचं नाव. दुसऱ्या शहरात असाल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला विचारा. शहरातल्या युद्ध स्मारकावर कार्यक्रम कसा करायचा ते त्यांना माहीत असतं. बाहेरगावच्यांसाठी सैनिकी विश्रामगृहाची चौकशीही तिथेच करा. स्वस्त असतं, पण खोल्या थोड्या.

‘आपलं जुनं युनिट आतून बघू या’ ही मागणी येणारच. सेवेतल्या तळावर जायचं तर स्टेशन कमांडरच्या नावे पत्र, महिना-दीड महिना आधी, सोबत प्रत्येकाचं नाव, ओळखपत्र आणि नातं. आत फोटो नाहीत, मोबाइल बहुधा गेटवर. परदेशी नागरिकत्व घेतलेली मुलं किंवा सुना सोबत असतील तर ते पत्रातच स्पष्ट लिहा. आयत्या वेळी गेटवर कळलं तर ते बाहेर राहतील. नकार आला तर वाद घालू नका.

ड्रोनने शूटिंग करायची हौस कुणालातरी येते. लोहगाव विमानतळ आणि लष्करी हद्दीच्या इतक्या जवळ ती हौस पोलिस ठाण्यात संपते. हॉलच्या लाउडस्पीकरसाठी पोलिसांची परवानगी आणि रात्री दहाची मर्यादा नेहमीचीच. संध्याकाळी बडाखाना (सगळ्यांचं एकत्र जेवण) असेल आणि त्यात रम असेल, तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एका दिवसाचा परवाना काढा. लष्करी कँटीनची बाटली घरी चालते, सार्वजनिक हॉलमध्ये नाही.

स्मरणविधी

पाऊण तासात संपवा. सकाळी नऊला सुरू केलं तर ऊन चढायच्या आत होतं. क्रम साधा: सगळे जागेवर, दोन वाक्यांत प्रास्ताविक, नावांचं वाचन, पुष्पचक्र, लास्ट पोस्ट (मानवंदनेची बिगुलधून), दोन मिनिटं स्तब्धता, राऊज (स्तब्धता संपवणारी बिगुलधून), राष्ट्रगीत. भाषण नाही.

पहिलं पुष्पचक्र वीरनारी किंवा वीरमाता वाहतात, त्यांच्यासोबत युनिटचा सर्वांत ज्येष्ठ माणूस. मग अधिकाऱ्यांतर्फे एक, एअरमनतर्फे एक. बाकीचे फुलं वाहतील. पुष्पचक्रं आदल्या संध्याकाळी मागवा आणि फूलवाल्याला वजन सांगा: ऐंशी वर्षांच्या बाईला उचलता आलं पाहिजे. लग्नाच्या कमानीएवढं चक्र चांगलं दिसतं, आणि मग तिच्याऐवजी दोन पोरं ते उचलतात.

बिगुलवाला मिळतो का ते तळाकडे किंवा स्थानिक एनसीसी पथकाकडे विचारा. नाही मिळाला तर रेकॉर्डिंग चालेल, पण ते फोनवर डाउनलोड केलेलं हवं. स्तब्धतेच्या ऐन क्षणी जाहिरात वाजू नये. स्तब्धता बिगुलाने सुरू होते आणि बिगुलानेच संपते. ‘धन्यवाद, बसून घ्या’ असं माइकवर म्हणायचं नाही.

नावं वाचायला दोघे ठेवा, एकाआड एक. आणि उच्चार. आपला मराठी वाचक तमिळ, मल्याळी आणि बंगाली नावांची वाट लावतो, ते लोक आपल्या ‘ळ’ची लावतात तशीच. सोपा उपाय आहे: प्रत्येक कुटुंबाकडून नाव म्हणून दाखवणारा व्हॉइस मेसेज मागवा. वाचणाऱ्याने ते ऐकून देवनागरीत स्वतःला कळेल तसं लिहावं आणि घरी मोठ्याने म्हणावं. या मेसेजांमध्ये कधी नातू आजोबांचं पूर्ण नाव पहिल्यांदाच म्हणतो, अडखळतो, मागून आजीचा आवाज येतो: ‘तसं नाही, परत म्हण.’ ते मेसेज जपून ठेवा.

पोशाख: गणवेश नको. ब्लेझर किंवा जॅकेट, डाव्या छातीवर पदकं. तिरंग्याबाबत दोन चुका हमखास होतात. फलकाचं अनावरण करायचं असेल तर त्यावर तिरंगा पांघरायचा नाही, ध्वजसंहितेला ते मान्य नाही. आकाशी कापड वापरा. आणि ध्वज अर्ध्यावर उतरवणं हा सरकारचा निर्णय असतो, समितीचा नाही. हवाई दलाच्या बोधचिन्हावर अशोकस्तंभ आहे, म्हणून ते बॅनरवर, मगवर, टोप्यांवर विनापरवानगी छापू नका. युनिटचा जुना ग्रुप फोटो छापा, जास्त शोभतो.

कायमचं स्मारक हवं असेल तर

मिग-२१ निवृत्त झाल्यापासून ‘एक विमान आणून गावात उभं करू’ ही कल्पना फार जोरात आहे. निवृत्त विमानं संस्थांना, पालिकांना दिली जातात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला नाही. अर्ज करणारी संस्था हवी, जागा हवी, चौथरा, ट्रेलर, क्रेन, रंग, आणि नंतर दरवर्षीची निगा. निगा कोण करणार, याचं लेखी उत्तर नसेल तर विमान मागू नका. इंजिनच्या तोंडात कबुतरं आणि पंखांखाली रिकाम्या बाटल्या, ही अवस्था ज्यांनी त्याची देखभाल केली त्यांना बघवत नाही. पुतळ्याचा विचार तर सोडाच. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, कला संचालनालयाची मान्यता, सगळं ओघाने येतं.

शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर फलक, हे आवाक्यातलं काम. जागेच्या मालकाचा ठराव लेखी घ्या. काळा ग्रॅनाइट, कोरून रंग भरलेली अक्षरं. नुसती रंगवलेली दोन पावसाळ्यांत जातात. मजकूर कोरण्याआधी कारागिराकडून कागदावर खऱ्या मापात काढून घ्या आणि प्रत्येक नाव त्या त्या कुटुंबाला दाखवून सही घ्या. दलाचं ब्रीद ‘नभः स्पृशं दीप्तम्’ गीतेच्या अकराव्या अध्यायातलं आहे. त्यातला विसर्ग आणि शेवटचा पाय मोडलेला ‘म्’ कोरताना गळतात. तेवढे बोट ठेवून तपासा.

पैसे

एकाच्या खासगी खात्यावर पैसे गोळा करू नका, निदान दोघांचं संयुक्त खातं तरी उघडा. प्रत्येक रकमेची पावती द्या. प्रवेश शुल्क सगळ्यांना सारखं ठेवा आणि वीरनारी व त्यांच्यासोबत येणाऱ्या एकाला शुल्क नाही, प्रवासखर्चही समितीचा. हे त्यांना आमंत्रणातच लिहा म्हणजे त्यांना विचारावं लागणार नाही. ज्या एअरमनला शुल्क जड जाईल त्याचं दुसऱ्याने भरावं, पण कुणी भरलं ते ग्रुपवर जाहीर करू नये.

सभासदांच्या वर्गणीपलीकडे लोकांकडून देणग्या मागायच्या तर आधी धर्मादाय आयुक्त कार्यालयात विचारा. परदेशातल्या मुलांचे पैसे हा वेगळा खड्डा आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून पाठवले तर अडचण नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची देणगी, मग तो ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं) कार्डवाला का असेना, कायद्याने विदेशी देणगी ठरते आणि ती घ्यायला नोंदणी लागते. न्यू जर्सीचा मुलगा फार आग्रह करत असेल तर त्याने वडिलांचं तिकीट आणि हॉटेल थेट भरावं.

दुपार

१९७१ मध्ये विशीत असलेला माणूस आता पंच्याहत्तरीला टेकला आहे. हॉल तळमजल्यावर हवा, कमोडची सोय हवी, खुर्च्यांना हात हवेत. डॉक्टर आणि दारात रुग्णवाहिका. नोंदणीच्या वेळी प्रत्येकाच्या बिल्ल्यामागे घरच्यांचा नंबर, रक्तगट आणि चालू औषधं लिहा. नाश्ता साडेआठच्या आत, जेवण पावणेएकला. इन्सुलिन घेणाऱ्याला सत्काराच्या भाषणांसाठी ताटकळत ठेवता येत नाही. बिनसाखरेच्या चहाचा थर्मास वेगळा, आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं.

प्रमुख पाहुणा शक्यतो नको. पुढारी बोलावला की कार्यक्रम त्याच्या वेळेने चालतो आणि फोटो त्याचे निघतात. सत्कार करायचेच असतील तर शाल-श्रीफळ घेऊन तुम्ही त्यांच्या खुर्चीपाशी जा. बिल्ल्यावर नाव मोठ्या अक्षरात, खाली ट्रेड आणि युनिटमधली वर्षं. चेहरे बदललेले असतात, पण ‘एअरफ्रेम फिटर, १९७४–७९’ वाचलं की गाडी सुरू होते. माइक फार वेळ कुणाच्या हाती देऊ नका. लोकांना एकमेकांशी बोलायचं असतं, ऐकायचं नसतं.

हॉलच्या शेजारी एक शांत खोली मात्र राखून ठेवा: एक फोन, एक कॉलर माइक, आणि ऐकणारा एक तरुण माणूस. आठवणी तिथे रेकॉर्ड करा. १९७२ च्या ऑगस्टमध्ये रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीतून भिंत फोडून निसटलेल्या तीन वैमानिकांपैकी दिलीप परुळकर २०२५ मध्ये गेले. त्यांची हकीकत नोंदली गेली आहे. तुमच्या युनिटमधल्या, रात्रभर बाँब भरणाऱ्या आर्मामेंट फिटरची बहुधा नाही. ‘तुमचा अनुभव सांगा’ असं विचारलं की भाषण येतं. ‘बिलेटमध्ये (बराकीत) तुमच्या शेजारची खाट कुणाची होती?’, ‘ब्लॅकआउटमध्ये औजारं कशी शोधायचात?’, ‘पहिला पगार कुणाला पाठवला?’ असं विचारा. आज वापरात असलेल्या तळांबद्दल आणि सामग्रीबद्दल विचारू नका, आणि त्यांनी ओघात सांगितलंच तर ते ग्रुपवर टाकू नका. बोलणाऱ्याची लेखी संमती घ्या.

नंतरचे पंधरा दिवस

हिशेब आठवड्यात ग्रुपवर टाका, बिलांच्या फोटोंसह. पैसे उरले तर त्यांचं काय करायचं ते मेळाव्यातच हात वर करून ठरवून घेतलेलं असावं. ध्वजदिन निधी हा सरळ मार्ग, ७ डिसेंबर जवळच असतो. जे येऊ शकले नाहीत, विशेषतः अंथरुणाला खिळलेले, त्यांना छापलेले फोटो टपालाने पाठवा, मोबाइलवर नाही. ज्यांची नावं वाचली त्या प्रत्येक घरी वाचनाची व्हिडिओ फीत आणि त्यांच्या माणसाबद्दल कुणी काही बोललं असेल तर तो तुकडा कापून द्या. आभाराची पत्रं स्मारकाच्या कार्यालयाला, तळाला, डॉक्टरांना.

आणि यादी. मेळाव्यात किमान दहा-वीस नवे नंबर मिळालेले असतात, काही चिठ्ठ्यांवर, काही कुणाच्या तळहातावर. त्याच आठवड्यात शीटमध्ये भरा, एक प्रत एअर फोर्स असोसिएशनच्या शाखेला ज्यांनी संमती दिली त्यांच्यापुरती द्या, एक छापून फाइलमध्ये ठेवा, आणि शीटचा पासवर्ड समितीतल्या सर्वांत तरुण माणसाला सांगून ठेवा.